गोल्फ मैदानावरील पोशाख

गोल्फ खेळताना आणि गोल्फ क्लबच्या आवारात वावरताना कोणते कपडे, पादत्राणे व टोपी चालतील यासंबंधी क्लबने किंवा स्पर्धेच्या आयोजकांनी घालून दिलेले नियम, आणि कुठेही न लिहिता पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेलेली रूढी, या दोहोंचा मिळून गोल्फचा पोशाखसंकेत बनतो. सांघिक खेळांत खेळाडूला गणवेश दिला जातो, त्यामुळे कपड्यांचा प्रश्न तिथेच मिटतो. गोल्फमध्ये खेळाडू एकटा उतरतो, कपडे स्वतःच्या पसंतीचे व स्वतःच्या खर्चाने आणतो, आणि तरीही ते कसे असावेत हे ठरवण्याचा अधिकार मैदानाच्या मालकाकडे राहतो. या खेळात कपड्यांवरून जेवढी चर्चा झाली आहे तेवढी फार थोड्या खेळांत झाली असेल, त्याचे मूळ या विभागणीत आहे.

पोशाखाची बंधने गोल्फच्या मूळ नियमांतच आहेत, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील ‘आर अँड ए’ आणि ‘युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन’ या दोन संस्था मिळून जगभरासाठी गोल्फचे नियम ठरवतात. त्या नियमांत कॉलर हवी, जीन्स नको, अशा प्रकारचा विधिनिषेध नाही. २०१९ मध्ये अमलात आलेल्या सुधारित नियमांनी मात्र स्पर्धा-समितीला स्वतःची वर्तनसंहिता स्थानिक नियम म्हणून लागू करण्याची मुभा दिली. मान्य पोशाखाचे वर्णन या संहितेत करता येते आणि तिचा भंग झाल्यास दंडाचे फटकेही देता येतात, म्हणजे खेळाडूच्या एकूण फटक्यांत तेवढी भर पडते. म्हणजे कपड्यांचा नियम हा नेहमीच त्या त्या जागेचा नियम असतो. एखाद्या सार्वजनिक मैदानावर ज्या कपड्यांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, त्याच कपड्यांत आलेल्या पाहुण्याला शेजारच्या खासगी क्लबच्या दारातून परत जावे लागू शकते, आणि दोन्ही ठिकाणी खेळले जाणारे गोल्फ अगदी एकच असते.

खासगी क्लबांत आढळणारा सर्वसाधारण संकेत पुढीलप्रमाणे असतो. पुरुषांनी कॉलरचा, बहुधा पोलो पद्धतीचा शर्ट पँटमध्ये खोचून घालावा. पँट पूर्ण लांबीची असावी किंवा गुडघ्यापर्यंत येणारी, नीट शिवलेली अर्धी पँट असावी. काही जुने क्लब अर्ध्या पँटसोबत मोजे किती उंच असावेत हेही सांगतात. स्त्रियांना बिनबाह्यांचा पण कॉलर असलेला शर्ट, स्कर्ट, आतून पँट जोडलेला स्कर्ट किंवा अर्धी पँट चालते. जीन्स, गोल गळ्याचा टी-शर्ट, ट्रॅक पँट, बाहेरून मोठे खिसे असलेली कार्गो पँट, व्यायामशाळेतील बनियन आणि फुटबॉल संघांच्या जर्सी यांना मज्जाव असतो. टोपीचा छज्जा पुढे असावा, आणि खेळ संपल्यावर हस्तांदोलन करताना टोपी काढावी, हा भाग शिष्टाचाराचा आहे.

यांतील कोणत्या बंधनांना खेळात आधार आहे आणि कोणत्यांना नाही, हे वेगवेगळे पाहायला हवे. उजव्या हाताने खेळणारा खेळाडू काठी मागे नेतो तेव्हा त्याचे खांदे सुमारे ९० अंशांत वळतात, डावा हात छातीवरून आडवा जातो आणि पुढच्याच क्षणी सारे शरीर उलट दिशेने उलगडते. बाही काखेत जराशी जरी ओढली गेली तरी हे वळण तोकडे पडते. अठरा होलांच्या, म्हणजे चेंडू घालायच्या अठरा खड्ड्यांच्या, एका फेरीला चार तासांच्या आसपास वेळ लागतो आणि चालत खेळले तर सात-आठ किलोमीटरांची चाल सहज होते. खिशात चेंडू ठेवायची खुंटी म्हणजे टी, चेंडूची जागा दाखवणारी चकती, ग्रीनवरील (होलाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरील) खळगा बुजवण्याचा छोटा काटा आणि गुणपत्रिका ठेवावी लागते. म्हणून मोकळी बाही, ताणले जाणारे कापड आणि मुळातच बेताचे, पण उपयोगी पडतील असे खिसे ही खेळाची खरी गरज आहे. कॉलरलाही थोडा आधार आहे. चेंडूकडे मान खाली घालून उभ्या असलेल्या खेळाडूची मानेची मागची बाजू सतत उन्हात असते आणि उभी केलेली कॉलर तेवढा भाग झाकते. पण एवढे काम उभ्या गळपट्टीचा शर्टही करतो. २०१९ ची मास्टर्स स्पर्धा टायगर वुड्सने अशाच बिनकॉलरच्या, उभ्या गळपट्टीच्या लाल शर्टात जिंकली.

जीन्सच्या बाबतीत आधार याहून दुबळा आहे. जाड डेनिम भिजल्यावर जड होते, लवकर वाळत नाही आणि गुडघ्यात वाकताना अडते, हे खरे. परंतु आज मिळणारे ताणले जाणारे पातळ डेनिम याला अपवाद आहे आणि तरीही बंदी कायम आहे. जीन्स हा मुळात खाणीत व शेतात राबणाऱ्यांचा कपडा होता. क्लबचे सभासदत्व ही प्रतिष्ठेची खूण मानणाऱ्यांनी तो दाराबाहेर ठेवला, हे या बंदीचे अधिक प्रामाणिक स्पष्टीकरण आहे.

पादत्राणांच्या नियमांना मात्र खेळाचा भक्कम आधार आहे. ग्रीनवरचे गवत काही मिलिमीटरांवर कापलेले असते आणि चेंडू त्यावरून घरंगळत जातो, त्यामुळे जमिनीतील बारीकसा उंचवटाही त्याची दिशा बदलू शकतो. पूर्वीच्या बुटांच्या तळाला धातूचे खिळे असत. पाय फरफटला की ते गवताचे तंतू उपटून वर काढत आणि मागून येणाऱ्या खेळाडूला ती खूण मुकाट्याने सोसावी लागे, कारण आपल्या मार्गातील बुटांच्या खुणा फटक्याआधी दुरुस्त करायला नियमांची परवानगी नव्हती. ती २०१९ मध्ये मिळाली. १९९० च्या दशकात प्लॅस्टिकचे मऊ दाते आले आणि काही वर्षांतच बहुतेक क्लबांनी धातूच्या खिळ्यांवर बंदी घातली. टाचा उंच असलेली पादत्राणे याच कारणाने वर्ज्य ठरतात. सपाट तळाच्या साध्या चपला ग्रीनला इजा करत नाहीत, पण दव पडलेल्या उतारावर पाय घसरून खेळाडूलाच दुखापत होऊ शकते.

कपडे जपण्याच्या नादात खेळाडू खऱ्या नियमाच्या कचाट्यात सापडल्याचे एक उदाहरण इथे नोंदवण्यासारखे आहे. १९८७ मध्ये सॅन दिएगो येथील स्पर्धेत अमेरिकी खेळाडू क्रेग स्टॅडलरचा चेंडू एका झाडाच्या खालच्या फांद्यांखाली गेला. गुडघे टेकून फटका मारण्यावाचून गत्यंतर नव्हते आणि जमीन ओलसर होती, म्हणून पँट मळू नये या हेतूने त्याने जमिनीवर टॉवेल अंथरला. दुसऱ्या दिवशी लक्षात आले की असे करणे म्हणजे उभे राहण्याची जागा कृत्रिमरीत्या तयार करणे होय. त्यासाठीच्या दंडाचे फटके न धरता गुणपत्रिकेवर सही केल्यामुळे तो स्पर्धेतून बाद झाला. पावसाळी विजार अंगावर चढवून तो गुडघ्यांवर बसला असता तर त्यात काही गैर नव्हते.

पोशाखसंकेताचा इतिहास लाल कोटापासून सुरू होतो. लीथ येथे १७४४ मध्ये एडिंबरोच्या गोल्फपटूंनी १३ कलमांचे नियम लिहून काढले, ते आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने नियम होत. त्यांत कपड्यांविषयी एकही कलम नाही. पुढे याच मंडळींनी लाल कोटाचा गणवेश स्वीकारला आणि १७७६ मध्ये पाच वेळा गणवेशाविना खेळलेल्या एका लेफ्टनंटाला सहा पाइंट मद्याचा दंड केला. लाल रंगामागे व्यवहारही होता. समुद्रकाठच्या ज्या गवताळ जमिनींवर खेळ चाले त्या सार्वजनिक असत. तिथे लोक फिरायला येत, गुरे चरत. दुरून दिसणारा लाल कोट म्हणजे चेंडू येत असल्याचा इशारा असे. लंडनजवळच्या विंबल्डन कॉमनवर खेळणाऱ्यांना आजही अंगात लाल वस्त्र घालावेच लागते, कारण ती जमीन अजूनही सर्वांच्या वहिवाटीची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जाड लोकरी ट्वीडचे कोट व गुडघ्याखाली आवळलेल्या विजारी रूढ झाल्या. वारा आणि पाऊस झेलत खेळणाऱ्यांना ट्वीड सोयीचे होते आणि आखूड विजारीचे काठ ओल्या गवतात भिजत नसत. गुडघ्याच्या खाली चार इंच उतरणारी म्हणून ‘प्लस फोर्स’ हे नाव मिळालेली ढगळ विजार १९२० च्या दशकात प्रिन्स ऑफ वेल्स एडवर्ड यांच्यामुळे लोकप्रिय झाली. आज जो पोशाख शिस्तीचा नमुना मानला जातो तो त्या काळी मोकळेपणाची, आरामाची फॅशन होता, हे मुद्दाम ध्यानात ठेवावे. नंतर लांब पँटने या विजारीची जागा घेतली, जिमी डेमारेटसारख्या खेळाडूंनी १९४० च्या दशकात भडक रंग आणले आणि प्लस फोर्स जुन्या छायाचित्रांपुरती उरली. तिला पुन्हा मैदानावर आणले अमेरिकी खेळाडू पेन स्ट्युअर्टने. १९९९ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेचा शेवटचा दिवस थंड व झिमझिम पावसाचा होता. पावसाळी जाकिटाच्या बाह्या स्विंगच्या, म्हणजे काठी फिरवण्याच्या, आड येऊ लागल्या, तेव्हा त्याने कात्री मागवून त्या कापून टाकल्या, त्याच ओबडधोबड कापलेल्या जाकिटात खेळून शेवटच्या ग्रीनवर सुमारे पंधरा फुटांवरून चेंडू होलात घातला आणि एका फटक्याने विजेतेपद मिळवले. चार महिन्यांनी विमान अपघातात त्याचा मृत्यू झाला. वेशभूषेचा एवढा षोकी असलेल्या खेळाडूने वेळ येताच कपड्यापेक्षा फटका मोठा मानला, म्हणून ते कापलेले जाकीट गोल्फरसिकांच्या आजही स्मरणात आहे.

स्त्रियांवरील बंधने अधिक जाचक होती आणि ती अधिक काळ टिकली. घोट्यापर्यंतचे स्कर्ट वाऱ्याने उडून चेंडू दिसेनासा होई, म्हणून गुडघ्यांभोवती लवचीक पट्टा आवळून खेळावे लागे. १९३३ मध्ये वेस्टवर्ड हो येथील इंग्लिश महिला स्पर्धेत ग्लोरिया मिनोप्रियो चक्क गडद निळ्या, अंगासरशी बसणाऱ्या विजारीत आणि हातात एकच काठी घेऊन उतरली. ती लवकरच पराभूत झाली, पण महिला गोल्फ संघटनेने खेळाच्या परंपरागत पोशाखापासून फारकत घेतल्याबद्दल खेद व्यक्त केला. आठ दशके उलटल्यावरही वाद संपला नव्हता. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एलपीजीए या व्यावसायिक संघटनेने खोल गळे, तोकडे स्कर्ट आणि नुसत्या लेगिंग्ज यांवर निर्बंध घालून पहिल्या भंगासाठी १,००० डॉलर दंड ठरवला. खेळाडूंच्या हालचालींशी या यादीचा संबंध लावणे कठीण आहे.

पुरुषांच्या बाबतीत अलीकडचा वाद मुख्यतः अर्ध्या पँटभोवती फिरला. हौशी खेळाडू जगभर ती वापरतात, व्यावसायिक स्त्रियाही स्पर्धांत वापरतात. पुरुष व्यावसायिकांना मात्र कडक उन्हातही लांब पँट सक्तीची राहिली. १९९९ मध्ये अमेरिकेत उष्म्याने एक कॅडी (खेळाडूच्या काठ्यांची पिशवी वाहणारा) कोसळल्यानंतर पीजीए टूर या पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धामालिकेने कॅडींना अर्धी पँट घालू दिली. युरोपियन टूरने २०१६ मध्ये आणि पीजीए टूरने २०१९ मध्ये खेळाडूंना ती सवलत दिली, पण सरावाच्या आणि हौशी खेळाडूंसोबतच्या ‘प्रो-ॲम’ फेऱ्यांपुरतीच. प्रत्यक्ष स्पर्धेत अर्ध्या पँटला मुभा २०२२ मध्ये लिव्ह गोल्फ या नव्या मालिकेने दिली. ओझे वाहणाऱ्याला ऊन लागते हे मान्य व्हायला एक माणूस कोसळावा लागला आणि फटका मारणाऱ्याच्या वाट्याला तीच सवलत अर्धीमुर्धी आली, हे या संकेताच्या ताठरपणाचे ठळक उदाहरण आहे.

शर्ट न खोचणे, घोट्याशी आवळलेली जॉगर पँट, मागे टोपी जोडलेला सदरा (हूडी) ही अनौपचारिकतेची पुढली पावले. २०१६ च्या प्रारंभी रिकी फाउलर घोटे झाकणाऱ्या उंच बुटांत व जॉगर पँटमध्ये खेळला आणि २०१८ मध्ये हवाईतील स्पर्धेत त्याने फुलाफुलांचा शर्ट न खोचता घातला. आयोजकांनी त्याला अडवले नाही. टायरेल हॅटनने २०२० मध्ये वेंटवर्थ येथील स्पर्धा टोपीच्या सदऱ्यात जिंकली, तेव्हा असा सदरा क्लबांत चालावा की नाही यावर मोठा वाद झाला. मास्टर्स स्पर्धा भरवणारा ऑगस्टा नॅशनल क्लब मात्र आपल्या मर्यादा सोडत नाही. २०२४ च्या मास्टर्स स्पर्धेत जेसन डे या खेळाडूला मोठ्या अक्षरांचे बिनबाह्यांचे स्वेटर काढून ठेवण्यास सांगण्यात आले आणि त्याने ते काढले.

मैदानाखेरीज क्लबहाउसचा स्वतंत्र संकेत असतो. काही जुन्या क्लबांच्या भोजनगृहात जाकीट व टाय आवश्यक असतो, टोपी आत घालत नाहीत आणि वाहनतळावर उभे राहून बूट बदलणे अशिष्ट समजले जाते. त्यासाठी कपडे बदलण्याची खोली असते. नवख्या पाहुण्याने आदल्या दिवशी क्लबच्या कार्यालयाला विचारून घेणे उत्तम, कारण दारावर होणारा अवमान त्याच्यासोबत त्याला बोलावणाऱ्या सभासदाच्याही वाट्याला येतो. ब्रिटनमधील अनेक क्लबांनी यावर फार पूर्वीच एक तोडगा काढला आहे. तिथे मुख्य दालनाच्या जोडीला ‘स्पाइक बार’ नावाची वेगळी खोली असते आणि अठरावा होल संपवून आलेला खेळाडू दात्यांच्या बुटांसह, चिखल लागलेल्या पँटमध्ये तिथे थेट येऊन बसू शकतो.