वॉल्श : शेजाऱ्यांनी ठेवलेलं आडनाव

कसोटीत पाचशे बळींचा टप्पा सर्वांत आधी गाठला तो जमैकाच्या एका उंच वेगवान गोलंदाजानं. १९८७ च्या विश्वचषकात क्रीज सोडून पुढे गेलेल्या नॉन-स्ट्रायकरला धावचीत न करता नुसती समज देऊन सोडणारा तोच. त्याच्यामुळे वॉल्श हे आडनाव आपल्याकडे घरोघरी पाठ झालं आणि ते वेस्ट इंडियन असणार, असं बहुतेकांनी धरून टाकलं. आडनाव आहे आयरिश. पण त्याला सरळ आयरिश म्हणायला गेलं की आयर्लंडमधलीच जुनीजाणती माणसं भुवया उंचावतात, आणि त्या भुवयांमागे साडेआठशे वर्षांचा इतिहास आहे.

आकड्यांत शंकेला जागा नाही. १८९० साली आयर्लंडभर नोंदलेल्या जन्मांमध्ये ९३२ मुलं वॉल्श होती. त्यावरून निबंधक कार्यालयानं देशात सुमारे ४१,७०० वॉल्श असावेत असा हिशेब मांडला. मर्फी, केली, सलिव्हन आणि मग चौथ्या क्रमांकावर वॉल्श. हा हिशेब म्हणजे डोकी मोजलेली नव्हेत, जन्मांच्या संख्येला साधारण ४५ नं गुणलेलं. तरीही अभ्यासक आजवर त्याच्याच आधारावर उभे आहेत, कारण एकोणिसाव्या शतकातल्या खानेसुमारीचे बहुतेक कागद काही रद्दीत गेले आणि काही १९२२ च्या यादवीत डब्लिनच्या दफ्तरखान्याबरोबर जळाले.

त्या पहिल्या चारांत वॉल्श वेगळं पडतं. मर्फी, केली, सलिव्हन या तिन्हींच्या मुळाशी एकेक मूळपुरुष आहे, खरा असो वा मानलेला. ‘ओ’ म्हणजे अमक्याचा नातू-पणतू. वॉल्शला मूळपुरुष नाही, म्हणून त्याच्यामागे ‘ओ’ही नाही. आयरिश भाषेत ते ‘ब्रॅहनख’ असं होतं आणि ते विशेषण आहे : ब्रिटनचा, म्हणजे त्या काळच्या बोलीत वेल्सचा.

मे ११६९ मध्ये वेल्सच्या पेम्ब्रुक भागातून जहाजं निघाली आणि वेक्सफर्डच्या बॅनो खाडीत लागली. गादी गमावलेल्या, लेन्स्टर या पूर्वेकडच्या प्रांताच्या राजानं भाडोत्री सैन्य बोलावलं होतं, ते हे. त्यातूनच पुढे आयर्लंडवर इंग्रजी अंमल सुरू झाला. आपल्या कामाचा भाग एवढाच, की या टोळ्यांमागोमाग शिपाई, धनुर्धर, शेतकरी, कारागीर असे शेकडो लोक समुद्र ओलांडून आले, आणि त्यांतल्या पुष्कळांना धड आडनावच नव्हतं. गावात दोन फिलिप झाले की एक ‘वेल्सचा फिलिप’ ठरायचा. तीच ओळख मुलाला चिकटली, नातवाला चिकटली. अशा ‘वेल्सच्या’ माणसांची घराणी एकमेकांशी काडीचंही नातं नसताना किलकेनीत, वॉटरफर्डमध्ये, डब्लिनच्या दक्षिणेला, कॉर्कमध्ये आणि पश्चिमेच्या कॉनाख्ट प्रांतावरच्या १२३५ च्या स्वारीनंतर मेयोच्या उत्तर टोकाला स्वतंत्रपणे उगवली. किलकेनीचे वॉल्श आपला वंश अशाच एका फिलिपपर्यंत नेतात, मेयोचे दुसऱ्याच कुणापर्यंत. सगळ्या वॉल्शांचा मिळून एक वंशवृक्ष भिंतीवर टांगायला विकणारी दुकानं आहेत. ती चालतातही.

आता शब्दाचा गुंता. आडनावांचा अर्थ सांगणारी कुठलीही पुस्तिका उघडा, ‘वॉल्श म्हणजे परका’ असं छापलेलं सापडेल. हे अर्धसत्य आहे, आणि या अर्धसत्यानं बराच घोळ घातला आहे.

जर्मानिक भाषा बोलणाऱ्या टोळ्यांनी एका शेजारच्या केल्टिक जमातीच्या नावावरून ‘वाल्ह’ असा शब्द घडवला आणि मग तो दक्षिण-पश्चिमेच्या सगळ्याच परभाषकांना लावला. त्या एका मुळातून बेल्जियमचे वॉलून आले, रुमानियातलं वॉलेकिया आलं, पोलिश लोकांनी इटलीला दिलेलं ‘व्होही’ हे नाव आलं. इंग्रजीत अक्रोडाला वॉलनट म्हणतात तेही ‘परमुलखातलं कवचफळ’ याच अर्थानं. इंग्लंडमध्ये उतरलेल्या सॅक्सनांनी तिथल्या मूळ ब्रिटनांना हाच शब्द लावला, आणि जुन्या इंग्रजीत तो गुलाम या अर्थानंही येतो. म्हणजे बाहेरून आलेल्यांनी घरच्यांनाच परके ठरवलं. वेल्सचे लोक स्वतःला ‘कम्री’ म्हणवतात, आणि त्याचा अर्थ नेमका उलटा आहे : एका मुलखातली, आपली माणसं.

इथवर पुस्तिका बरोबर आहेत. पण शब्दाचा जन्म सहाव्या शतकाआधीचा आणि आडनाव बाराव्या शतकानंतरचं. मधल्या काळात अर्थ आकसून गेला होता. आपल्याकडे ‘विलायत’चं काय झालं ते आठवून पाहा. मुळात मुलूख किंवा परमुलूख, मग हळूहळू फक्त इंग्लंड. ‘विलायतेला गेला’ म्हटल्यावर इराणला गेला असं कुणी समजत नसे. विलायती चिंच आली अमेरिका खंडातून, पण नावात जुना, सैल अर्थ तेवढा अडकून राहिला. वॉल्शचं तसंच. बॅनो खाडीत जहाजं लागली तेव्हा ‘वेल्श’ म्हणजे वेल्सचा, एवढंच उरलं होतं. ‘परका’ हा वास त्याला इंग्रजीत होता, तोही जुनाट.

आणि खरा मुद्दा आयरिश बाजूचा आहे. गेलिक म्हणजे आयरिश बोलणाऱ्या आयर्लंडला परक्यासाठी शब्द उसना घ्यायची गरज नव्हती. ‘गॉल’ हा त्यांचा हुकमी शब्द होता. व्हायकिंगांना तो लावला, पुढे या नव्या स्वारांनाही लावला. डोनेगल हे परगण्याचं नाव म्हणजे ‘गॉलांचा किल्ला’. तरीही या ठराविक कुटुंबांना शेजाऱ्यांनी गॉल न म्हणता ब्रॅहनख म्हटलं. का, तर ती कुठून आली हे त्यांना ठाऊक होतं. ‘परदेशी’ आणि ‘तेलंग’ या आपल्याकडच्या दोन आडनावांत जो फरक आहे, तोच हा. पहिल्यात फक्त ‘इथला नव्हे’ एवढंच येतं, दुसऱ्यात माणसाचा मुलूख येतो. वॉल्शचं मराठी करायचंच तर ते तेलंगच्या रांगेत बसतं, परदेशीच्या नव्हे.

मग हे लोक वेल्श होते का? इथे वाद अजून मिटलेला नाही. पेम्ब्रुकमध्ये तेव्हा वेल्श बोलणारे होते, फ्रेंच बोलणारे सरदार होते, आणि १११० च्या आगेमागे इंग्लंडच्या राजानं आणून वसवलेले फ्लेमिश वसाहतकरीही होते. सरदारांच्या आया-आज्या पुष्कळदा वेल्श राजघराण्यातल्या. म्हणजे एखादा ‘वेल्सचा फिलिप’ घरात कुठली भाषा बोलत असेल हे आडनावावरून ठरत नाही. शाळेच्या पुस्तकांत या सगळ्यांना ‘नॉर्मन’ म्हणतात. त्या वेळच्या लिखाणात मात्र ते बहुधा ‘इंग्रज’ म्हणून येतात. नॉर्मन हे लेबल नंतरचं, आणि मला विचाराल तर सोयीचं : इंग्रजांनी जिंकलं म्हणण्यापेक्षा नॉर्मनांनी जिंकलं म्हणणं दोन्ही बाजूंना कमी टोचतं. वॉल्श हे आडनाव या सोयीच्या आड येतं, कारण ते स्वतःच सांगतं की आम्ही नॉर्मंडीहून नाही आलो, समोरच्या किनाऱ्यावरून आलो.

स्वारीनंतरची चार शतकं भराभर ओलांडता येतात. १३६६ च्या किलकेनीच्या कायद्यांनी इंग्रज वसाहतकऱ्यांना आयरिश भाषा, आयरिश नावं, आयरिश सोयरीक यांची बंदी केली. बंदी करावी लागली, यावरूनच सगळं कुठवर गेलं होतं ते कळतं. किलकेनीच्या दक्षिणेला वॉल्शांची एवढी वस्ती झाली की डोंगरालाच त्यांचं नाव पडलं, स्लिव्ह ब्रॅहनख. कार्लो परगण्यातल्या बॅलिनाब्रॅनासारख्या गावनावांतही तेच.

सतराव्या शतकात मात्र थांबावं लागतं. डब्लिनजवळच्या कॅरिकमाइन्सचे वॉल्श हे राज्याचे पहारेकरी. डोंगरातल्या ओबर्न आणि ओटूल टोळ्यांपासून इंग्रजी अमलाखालच्या पट्ट्याची दक्षिण हद्द राखणं हे त्यांचं काम. पण राज्य प्रॉटेस्टंट झालं तरी ते कॅथलिक राहिले, आणि १६४१ च्या उठावात बंडवाल्यांच्या बाजूला गेले. मार्च १६४२ मध्ये सरकारी फौजेनं त्यांचा किल्ला घेतला आणि आतल्या बायकामुलांसकट कत्तल केली. ज्यांच्यासाठी पहारा दिला त्यांच्याच हातून. साडेतीनशे वर्षांनी त्या जागेवरून डब्लिनचा वळणरस्ता काढायचं ठरलं तेव्हा उत्खननात तटबंदीचे अवशेष आणि सामूहिक दफनं सापडली. आंदोलन झालं, न्यायालयानं काम रोखलं. २००४ मध्ये पुरातन वास्तूंचा कायदाच बदलला गेला आणि २००५ मध्ये रस्ता वाहता झाला. किल्ल्याचा थोडा भाग चौकात राखून ठेवला आहे. गाड्या त्याला वळसा घालून जातात.

१६५० च्या दशकात आयर्लंड जिंकणारा इंग्रज सेनानी क्रॉमवेल याच्या माणसांनी किलकेनीच्या वॉल्शांच्या जमिनी जप्त केल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १६५९ च्या सुमारास, एक करविषयक यादी झाली. तीत दर भागातली ‘प्रमुख आयरिश नावं’ वेगळी काढली आहेत, आणि किलकेनीत त्या रकान्यात वॉल्श येतं. ज्या घराण्यांना तीनशे वर्षांपूर्वी आयरिश होऊ नका म्हणून कायदा करून बजावलं होतं, त्यांना आता कारकुनानं एका फटक्यात आयरिश करून टाकलं. मला या सगळ्या इतिहासात तो रकाना सर्वांत बोलका वाटतो. जमीन गेली त्या पिढीतच नाव आयरिश झालं.

जमीन गेलेले काही फ्रान्सला गेले. फ्रेंच राजाच्या आयरिश पलटणींत एक वॉल्श पलटण होती. तिचे शिपाई १७७९ मध्ये अमेरिकेच्या बाजूनं, इंग्लंडच्या किनाऱ्यालगतच्या एका गाजलेल्या नौकायुद्धात लढले. नाँतच्या बंदरात स्थिरावलेल्या एका वॉल्शानं १७४५ मध्ये ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या स्टुअर्ट राजपुत्राला आपल्या जहाजानं स्कॉटलंडला पोचवलं. निर्वासित, निष्ठावंत, धाडसी म्हणून त्याच्या कथा अजून सांगितल्या जातात. त्याचा मुख्य धंदा गुलामांचा होता, हे मात्र सांगताना आवाज खाली येतो. दहा हजारांहून अधिक आफ्रिकी माणसं त्याच्या जहाजांतून कॅरिबियनमध्ये विकायला गेली. घराण्यानं १७४९ मध्ये ल्वारच्या खोऱ्यात सेरांचा वाडा घेतला, तो या पैशाच्या काळातला.

कॅरिबियन बेटांवरची आयरिश आडनावं दोन वाटांनी आली : करारानं बांधून आणलेले गरीब आयरिश मजूर आणि मळेवाले, कारभारी. मुक्तीच्या आगेमागे गुलामांच्या नावांपुढे मालकांची आडनावं लागली. तिथल्या वॉल्शच्या अंगात आयरिश रक्त असेलच असं आडनावावरून म्हणता येत नाही, जसं मेयोच्या वॉल्शच्या अंगात वेल्श रक्त असेल असंही म्हणता येत नाही.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाची गोष्ट निराळी. अठराव्या शतकापासून कॉड मासेमारीसाठी वॉटरफर्ड बंदरातून तरणी मुलं हंगामी कामाला जात, आणि ती आसपासच्या थोड्याशाच पट्ट्यातली असत. म्हणून बेटाच्या आयरिश गावांत वॉल्श, पॉवर, मर्फी हीच आडनावं दाटीनं भेटतात, आणि तिथल्या बोलीतला हेल ऐकून वॉटरफर्डची माणसं दचकतात. १८४५ च्या दुष्काळानंतरचा ओघ मुख्यतः पश्चिमेचा. मेयोचे वॉल्श लिव्हरपूल, मँचेस्टर, अमेरिकेची औद्योगिक शहरं असे पसरले. तिकडे कारकुनांच्या कानानुसार वेल्श, वेल्च अशीही रूपं पडली. ती चुकीची म्हणता येत नाहीत, कारण दक्षिणेच्या मन्स्टरमध्ये आणि पश्चिमेला जुनी माणसं वॉल्श लिहून ‘वेल्श’च म्हणतात.

देशातल्या देशातही रूपं कमी नाहीत. उत्तरेच्या अल्स्टरकडे ब्रॅहनखचं भाषांतर न करता नुसतं इंग्रजी कानाला ऐकू आलं तसं लिहिलं, त्याचं ‘ब्रॅना’ झालं. बेलफास्टमध्ये जन्मलेला, शेक्सपिअरच्या भूमिकांसाठी गाजलेला नट-दिग्दर्शक याच आडनावाचा. कुठे कुठे तेच वॉलेसही झालं, आणि वॉलेसचा मूळ अर्थसुद्धा तोच. त्यामुळे आज देशाच्या नकाशावर वॉल्श मोजायला बसलं की मेयो, गॉलवे, कॉर्क, वॉटरफर्ड, किलकेनी हे गठ्ठे लगेच दिसतात, ब्रॅना मात्र हिशेबातून निसटतात.

आयर्लंडच्या पंतप्रधानपदी २०१७ मध्ये मालवण तालुक्यातल्या वराड गावाचं आडनाव घेऊन एक जण बसला, तेव्हा तिकडे ‘हे कसलं आडनाव’ अशी चर्चा झाली. खरं तर दोन्ही आडनावांची जात एकच. वराडमध्ये राहून कुणी वराडकर म्हणून ओळखला जात नाही. गाव सोडलं की ‘कर’ चिकटतो. वेल्समध्येही कुणाला वेल्सचा म्हणून हाक मारत नाहीत.

आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनानंतर पुष्कळांनी ब्रॅहनख हे रूप परत घेतलं. विशेषण असल्यानं बाईच्या नावाला ‘ओ’च्या जागी ‘नी’ लावायचा प्रश्नच येत नाही. पण व्याकरण कसोशीनं पाळणाऱ्या काही जणी पहिलं अक्षर मऊ करून ‘व्रॅहनख’ लिहितात. त्यामुळे एकाच घरातला बाप वॉल्श, मुलगा ब्रॅहनख आणि मुलगी व्रॅहनख असू शकते. इंग्रजी वर्णक्रमात ब्रॅहनखचा B आणि वॉल्शचा W यांत वीस-एकवीस अक्षरांचं अंतर आहे, म्हणून पूर्वजांच्या शोधात निघालेल्यांनी दोन्ही टोकांना पाहायला हवं.