भरिताचा धूर आणि रोजचा श्वास

थंडी पडू लागली की जळगाव, भुसावळ, यावल या भागांत शेताच्या बांधावर पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, जाळ करून त्यात मोठमोठी हिरवी वांगी भाजली जातात, आणि भरीत तयार होईपर्यंत भोवती बसलेल्यांचे डोळे चुरचुरून लाल झालेले असतात. हा धूर तब्येतीला किती वाईट, असे अशा वेळी कोणीतरी हमखास विचारते. त्याचे उत्तर धुराच्या काळेपणावरून देता येत नाही. धूर किती दाट होता, माणूस त्यात किती वेळ होता आणि वर्षातून असे किती दिवस घडते, या तिन्हींचा गुणाकार त्यासाठी करावा लागतो.

डोळ्यांना झोंबणारा भाग हा धुराचा सर्वांत घातक भाग नव्हे. अर्धवट जळालेल्या काड्यांतून निघणारे अल्डिहाइडसारखे वायू डोळ्यांत पाणी आणतात आणि आपल्याला जागेवरून उठायला तरी लावतात. २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण मात्र कसलीही जाणीव न देता आत जातात. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन असते, यावरून त्यांचा बारीकपणा लक्षात यावा. नाक आणि घसा जाड धूळ बऱ्याच प्रमाणात अडवतात, पण हे कण फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथे त्यांचा निकाल लावू पाहणाऱ्या पेशी दाह निर्माण करणारी द्रव्ये सोडतात, ती रक्तात उतरतात, रक्ताची गुठळी होण्याची प्रवृत्ती वाढते आणि धमन्यांच्या आतील अस्तराला इजा होत राहते. प्रदूषण म्हटले की आपल्याला दमा आणि खोकला आठवतो. प्रत्यक्षात त्यामुळे होणाऱ्या मृत्यूंत हृदयविकार आणि पक्षाघात यांचा वाटा फार मोठा आहे. शिवाय बाहेरच्या हवेचे प्रदूषण कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये जाहीर केले.

आता तो गुणाकार करून पाहू. प्रौढ माणूस दिवसाला साधारण ११ घनमीटर हवा आत घेतो. हवेत दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम सूक्ष्म कण असतील, तर चोवीस तासांत सुमारे ४४० मायक्रोग्रॅम श्वासावाटे आत जातात. बंद स्वयंपाकघरात चूल पेटलेली असताना हेच प्रमाण काही शे मायक्रोग्रॅम असते. आपण ३०० धरू. तासाला अर्धा घनमीटर या हिशेबाने चुलीपाशी तीन तास बसलेली बाई ४५० मायक्रोग्रॅम कण आत घेते, म्हणजे बाहेरच्या हवेतला पुरा दिवस तिच्या वाट्याला तीन तासांतच येतो. भरिताच्या जाळाशेजारी दोन तास १,००० मायक्रोग्रॅमची हवा मिळाली असे मानले, तरी त्या संध्याकाळचा हिशेब १,००० वर संपतो; चुलीचा वर्षभराचा आकडा १,६४,००० च्या पुढे जातो. अर्थात दम्याच्या रुग्णाला किंवा हृदयविकार असलेल्या माणसाला एखादी संध्याकाळही महागात पडू शकते, त्यांनी जाळापासून लांबच बसावे.

बाहेरच्या हवेचे काय? केंद्र सरकारने २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात जळगावचा समावेश आहे, कारण तेथील हवा ठरलेल्या मानकांत बसत नव्हती. सूक्ष्म कणांसाठी आपले वार्षिक मानक ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा ५ आहे. मोबाइलवर दिसणारा हवा गुणवत्ता निर्देशांक ‘समाधानकारक’ असला, तरी त्याचा अर्थ हवा निर्धोक आहे असा होत नाही. सूक्ष्म कण ६० मायक्रोग्रॅमपर्यंत असले तरी निर्देशांक १०० च्या आतच राहतो, आणि तोही मुख्यतः चोवीस तासांच्या सरासरीवर काढलेला असतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असल्याने ती वर चढत नाही, आणि तापीकाठच्या सपाटीवर पेटवलेल्या काड्यांचा, कचऱ्याचा, पाणी तापवायच्या बंबांचा धूर घरांच्या उंचीवरच तरंगत राहतो. सरासरीत हे तास बुजून जातात. पहाटे पाचला फिरायला निघणाऱ्यांनी हिवाळ्यापुरते ऊन वर येईपर्यंत थांबले, तर तेच चालणे अधिक लाभाचे ठरेल.

धोक्याच्या टक्केवारीबद्दलही एक गफलत होते. दीर्घकाळ श्वासात येणारे सूक्ष्म कण १० मायक्रोग्रॅमने वाढले, तर मृत्यूचा धोका सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो, असे जगभरच्या अभ्यासांचे एकत्रित अनुमान आहे. एका माणसाच्या दृष्टीने ही वाढ किरकोळ वाटते, आणि ती बरीचशी तशी आहेही, कारण तंबाखू किंवा अनियंत्रित रक्तदाब त्याचे याहून कितीतरी अधिक नुकसान करतो. परंतु जेथे वर्षाला हजारात १० मृत्यू होतात तेथे ते १०.८ झाले, तर दहा लाख वस्तीत वर्षाला ८०० मृत्यू वाढतात. तंबाखू न खाणारा वाचतो, श्वास मात्र सगळेच घेतात.

याहून अडचणीचा मुद्दा असा की धूर आणि धोका एकाच चालीने कमी होत नाहीत. ग्वाटेमालात धुराडे असलेल्या चुली देऊन केलेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घरातल्यांच्या वाट्याचा धूर जवळपास निम्म्यावर आला, पण लहान मुलांचा न्यूमोनिया अपेक्षेइतका घटला नाही. फार दाट धूर अर्ध्यावर आला तरी तो बराच उरतो, आणि धोक्याची खरी घसरण अगदी कमी प्रमाणांपाशी होते. आपल्याकडे गॅसवर चहा आणि चुलीवर भाकरी अशी वाटणी अनेक घरांत दिसते. तिचा आरोग्याला होणारा फायदा म्हणूनच वाटतो त्यापेक्षा कमी असतो. खापरावरचे मांडे सणापुरते चुलीवर झाले, तर त्यात काही बिघडत नाही. रोजच्या कळण्याच्या भाकरीची चूल निदान उघड्या पडवीत आणावी, आणि धुरात बसणारी लहान मुले व गरोदर बाई यांना तेथून दूर ठेवावे.

सुरत-नागपूर महामार्गावर दुचाकीवरून जाताना तोंडाला बांधलेला रुमाल किंवा ओढणी धूळ बऱ्यापैकी अडवते, पण धुराचे सूक्ष्म कण कापडाच्या विणीतून सहज निघून जातात. ते एन-९५ मास्कमध्ये अडकतात, मात्र मास्क चेहऱ्याला घट्ट बसलेला हवा. दाढीवरून बसवलेल्या मास्कच्या कडेने हवा तशीच आत येते.