आधी भिंत, मग चित्र

फ्रेंचमध्ये प्रदर्शनाच्या उद्घाटनाला आजही 'व्हेर्निसाज' म्हणतात. शब्दाचा सरळ अर्थ वार्निश लावणं. आजच्या उद्घाटनाला वार्निशचा वासही नसतो. लोक चित्रांकडे पाठ करून एकमेकांशी बोलत उभे असतात. पण या शब्दामागे एक खरीखुरी रीत आहे. चित्रं भिंतीवर चढली की दारं उघडण्याआधी चित्रकाराला शेवटचा हात फिरवायची मुभा असायची. लंडनच्या रॉयल अकॅडमीनं, म्हणजे चित्रकारांच्या मानाच्या संस्थेनं, १८०९ पासून आपल्या सभासदांना त्यासाठी खास दिवस ठरवून दिले होते.

१८३२ सालच्या अशाच दिवसांतली ही गोष्ट. जॉन कॉन्स्टेबलनं वॉटर्लू पुलाच्या उद्घाटनाचं मोठं चित्र लावलं होतं. त्यावर त्यानं दहाएक वर्षं काम केलेलं, आणि तरी तो त्यातल्या नौकांच्या लाल पताकांवर अजून रंग चढवत होता. शेजारी टर्नरचं करड्या समुद्राचं चित्र होतं. टर्नर आला, दोन्ही चित्रांकडे आळीपाळीनं बघत राहिला. मग त्यानं रंगाची पाटी आणली, आपल्या करड्या समुद्रावर नाण्याएवढा शेंदराचा एक ठिपका ठेवला आणि अवाक्षर न बोलता निघून गेला. त्या एका ठिपक्यापुढे शेजारचा सगळा लाल रंग फिका पडला. टर्नर येऊन बंदूक झाडून गेला, असं कॉन्स्टेबल म्हणाला. दीड दिवसानं, मुदत संपता संपता, टर्नर परत आला आणि त्या ठिपक्याला आकार देऊन त्याची त्यानं तरंगती खूण, म्हणजे बोया करून टाकली.

हा किस्सा सहसा दोन कलावंतांची चुरस म्हणून सांगितला जातो. मला त्यात दुसरंच दिसतं. तो लाल ठिपका टर्नरच्या स्टुडिओत कधीच पडला नसता. तिथे शेजारी कॉन्स्टेबल नव्हता. प्रदर्शन म्हणजे निर्मिती संपल्यानंतरचा सोहळा, असं आपण धरून चालतो. पण गेली साडेतीनशे वर्षं भिंत, शेजार आणि उद्घाटनाची तारीख या तिन्ही गोष्टी कलावंताच्या कामाच्या खोलीत आधीच येऊन बसलेल्या आहेत.

त्याआधी असं नव्हतं. चित्र मागणीनुसार व्हायचं. चर्च, दरबार किंवा एखादा धनिक करार करायचा. पंधराव्या शतकातल्या इटलीत तर निळा रंग कोणत्या प्रतीचा आणि सोनं किती, हेही करारात लिहिलेलं असे. चित्र कुठे लागणार, ते कोण बघणार, सगळं ठरलेलं. सणावाराला रस्त्यात, चर्चच्या ओवरीत चित्रं मांडली जायची, पण ती सणाची शोभा होती. तरी १६५० च्या मार्चमध्ये स्पॅनिश चित्रकार बेलास्केसनं रोमच्या पँथिऑनमध्ये आपला मदतनीस हुआन दे पारेहा याचं व्यक्तिचित्र मांडलं, तेव्हा एका अनोळखी शहराला आपला हात दाखवण्याचा त्याचा हेतू लपून राहिला नाही.

नियमित सार्वजनिक प्रदर्शन ही पॅरिसची देणगी. राजाश्रयानं १६४८ मध्ये स्थापन झालेल्या अकादमीनं १६६७ मध्ये सभासदांची चित्रं मांडली. पुढे लूव्हरच्या ज्या चौकोनी दालनात ती लागू लागली त्या दालनावरून 'सलोन' हे नाव पडलं, आणि १७३७ पासून त्यात सातत्य आलं. जमिनीपासून छतापर्यंत, चौकटीला चौकट भिडवून चित्रं टांगलेली असत. कुणाचं कुठे टांगायचं हे ठरवणारा एक माणूस असे. अठराव्या शतकात बरीच वर्षं हे काम शार्दँकडे होतं. भांडी, फळं, पावाचा तुकडा अशी छोटी शांत चित्रं रंगवणारा माणूस इतरांच्या अवाढव्य पौराणिक चित्रांना जागा देत शिडीखाली उभा आहे, हे दृश्य मला फार आवडतं. १७५९ पासून फ्रेंच लेखक दिदरो या प्रदर्शनांवर लिहू लागला. ते लिखाण हस्तलिखितानं मोजक्या वर्गणीदारांपर्यंतच जायचं, पण चित्र न पाहिलेल्या माणसाला चित्र सांगायची विद्या तिथून वाढली.

गर्दीच्या भिंतीचा परिणाम कॅनव्हासवर झाला. वर टांगलेलं चित्र दिसायचं तर ते मोठं हवं, भडक हवं, खालूनही कळेल असं हवं. ज्याला हे जमेना त्याची पंचाईत. इंग्लिश चित्रकार गेन्सबरोनं १७८४ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीला तीन राजकन्यांचं चित्र पाठवताना ते जरा खाली लावा, एवढंच मागितलं होतं. बारीक, हलक्या हाताचं त्याचं काम उंचावर कुणाला दिसणार? अकॅडमीनं नियम दाखवला. त्यानं सगळी चित्रं उचलली आणि पुन्हा तिथे कधी पाय ठेवला नाही. पुढे स्वतःच्या घरातच चित्रं मांडली.

एकल प्रदर्शनाचा उगम अशाच रुसव्याफुगव्यांत आहे. नॅथॅनियल होनचं चित्र अकॅडमीनं नाकारलं म्हणून त्यानं १७७५ मध्ये लंडनमध्ये एकट्याचं प्रदर्शन भरवलं. १७९९ मध्ये पॅरिसमध्ये चित्रकार दाविदनं आपल्या एका चित्रासाठी तिकीट लावलं आणि त्यातून भरघोस कमाई केली. सगळ्यांनाच ते साधलं असं नाही. १८०९ मध्ये, म्हणजे रॉयल अकॅडमी वार्निशचे दिवस ठरवत होती त्याच साली, कवी-चित्रकार विल्यम ब्लेकनं भावाच्या मोज्यांच्या दुकानाच्या माडीवर सोळा चित्रं मांडली. सोबत स्वतः लिहिलेली सूचीपुस्तिका. एकही चित्र विकलं गेलं नाही आणि वर्तमानपत्रात परीक्षण आलं ते एकच. त्यात त्याला वेड्यात काढलं होतं.

फ्रेंच चित्रकार कुर्बेकडे मात्र ब्लेकजवळ नव्हती ती एक गोष्ट होती: गाजावाजा करण्याची हौस. १८५५ च्या पॅरिसमधल्या जागतिक प्रदर्शनात त्याची काही चित्रं नाकारली गेली, तेव्हा त्यानं जवळच स्वतःचा मंडप उभारला आणि चाळीसएक चित्रं लावली. नाकारलेल्यांत जवळजवळ सहा मीटर रुंदीचं एक होतं. त्यात खुद्द त्याचाच स्टुडिओ: मधोमध तो निसर्गचित्र रंगवत बसलाय आणि दोन्हीकडे माणसांची दाटी. आपल्या सात वर्षांच्या कलाजीवनाचं हे रूपक आहे, असं त्यानं शीर्षकातच सांगून टाकलं. कलावंताचं जगणं हाच प्रदर्शनाचा विषय होऊ शकतो, हे इतक्या मोठ्या आवाजात बहुधा प्रथमच कुणी म्हटलं असेल.

सलोननं नाकारलेली चित्रं मांडणारं १८६३ चं 'नाकारलेल्यांचं सलोन' आणि त्यातल्या माने या चित्रकाराच्या चित्रावरचा गहजब सर्वांना ठाऊक आहे. १८७४ चं इम्प्रेशनिस्टांचं, म्हणजे बदलत्या उजेडाचा क्षण पकडू पाहणाऱ्या चित्रकारांचं, पहिलं प्रदर्शनही. छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत ते महिनाभर चाललं, एक फ्रँक प्रवेश, आणि दिवसा कामावर असणाऱ्यांसाठी संध्याकाळी आठ ते दहाही खुलं. माझ्या लेखी त्याहून मोठा बदल १८९१ मध्ये झाला. पॉल द्युराँ-र्‍युएलच्या गॅलरीत मोनेनं गवताच्या गंज्यांची पंधरा चित्रं एकत्र लावली. विषय तोच, ऊन, धुकं, बर्फ, संध्याकाळ तेवढी वेगळी. तो एकाच वेळी अनेक कॅनव्हास घेऊन बसायचा, उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा, आणि नंतर स्टुडिओत ते शेजारी शेजारी ठेवून एकमेकांच्या संगतीनं पुरे करायचा. सलोनच्या भिंतीवर अशी मालिका सुचणंच अवघड, कारण तिथे शेजारी कोण येणार हे चित्रकाराच्या हातात नसे. एकट्याला सबंध दालन मिळालं तेव्हा चित्राचं एकक बदललं: एका कॅनव्हासऐवजी सबंध मालिका. पाच वर्षांनी याच विषयाचं मोनेचं एकच चित्र मॉस्कोतल्या प्रदर्शनात रशियन चित्रकार कँडिन्स्कीनं पाहिलं आणि हे नेमकं कशाचं चित्र आहे ते त्याला कळेना. सूचीपुस्तिका बघितली तेव्हा गवताची गंजी आहे हे समजलं. त्याच्यापुढच्या अमूर्त वाटेची सुरुवात तो त्या गोंधळात शोधतो.

आजच्या दालनांतली मोकळी पांढरी भिंत मात्र एका दिवसात आली नाही. चित्रकार व्हिस्लरनं १८८३ मध्ये लंडनला आपली व्हेनिसची कोरीव मुद्राचित्रं मांडताना सबंध दालन पांढऱ्या-पिवळ्यात सजवलं, दारावरच्या नोकरालाही त्याच रंगांचा पोशाख घातला. लोकांनी त्या बिचाऱ्याला अंड्याची उपमा दिली. १९२९ मध्ये उघडलेल्या न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट संग्रहालयानं फिकट भिंतीवर, डोळ्यांच्या रेषेत, एका ओळीत चित्रं लावण्याची पद्धत रूढ केली. ही भिंत तटस्थ दिसते, पण तिच्यावर काहीही ठेवलं की ते कला वाटू लागतं. म्हणूनच फ्रेंच कलावंत ईव्ह क्लाइननं १९५८ मध्ये पॅरिसच्या ईरिस क्लेर गॅलरीत काहीच न ठेवता रिकामी खोली दाखवली. दोन वर्षांनी त्याच जागेत आर्माननं दारापर्यंत कचरा भरला. बघणाऱ्यांना रस्त्यावरून, काचेतूनच बघावं लागलं.

त्यापुढचं पाऊल १९६९ चं, स्वित्झर्लंडच्या बर्नमधलं. तिथल्या कलादालनाचा संचालक हाराल्ड झेमाननं कलावंतांना तयार वस्तू पाठवण्याऐवजी इथेच येऊन काम करायला बोलावलं. रिचर्ड सेरानं वितळलेलं शिसं भिंतीच्या पायथ्याशी शिंपडलं. (टर्नरचा शेंदूर, तोही शिशाचाच.) लॉरेन्स वीनरनं भिंतीचा चौरस तुकडा खरवडून काढला. मायकल हायझरनं इमारतीबाहेरचा फुटपाथ लोखंडी गोळ्यानं फोडला. गावात ओरड झाली, झेमाननं नोकरी सोडली, आणि स्वतंत्र क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनाची आखणी करणारा, हा आज ओळखीचा असलेला पेशा त्याच्या रूपानं उभा राहिला. आता कामाची खोली आणि दालन यांतली भिंतच पडली. व्हेनिसचं द्वैवार्षिक १८९५ पासूनचं, जर्मनीतल्या कासेलचं डॉक्युमेंटा हे मोठं प्रदर्शन १९५५ पासूनचं. अशी प्रदर्शनं नंतर जगभर इतकी वाढली, की आजच्या कलावंताचं वर्ष त्यांच्याच तारखांभोवती फिरतं. जागेचा नकाशा आधी येतो, कल्पना त्यात बसवायची असते. अर्ज, खर्चाचा अंदाज, खोक्यांची मापं यांतच निम्मे दिवस जातात. यात वाईट काही नाही, पण आपण याला 'निर्मितीचा काळ' म्हणत नाही, ही जरा लबाडी आहे.

या साऱ्यातून सुटलेली म्हणून हिल्मा आफ क्लिंटचं नाव घेतलं जातं. या स्वीडिश चित्रकर्तीनं १९०६ ते १९१५ मध्ये १९३ चित्रांची मालिका केली, आणि मृत्यूनंतर वीस वर्षं तरी ती दाखवू नका असं लिहून ठेवलं. ती १९४४ मध्ये गेली. तिची अशी चित्रं प्रथम लोकांसमोर मोठ्या प्रदर्शनात आली ती १९८६ मध्ये. पण भिंत तिलाही हवीच होती. या चित्रांसाठी तिनं सर्पिल आकाराचं एक मंदिर मनात बांधलं होतं. २०१८ मध्ये ती न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाच्या सर्पिल चढावावर लागली, तेव्हा सहा लाखांहून जास्त लोक येऊन गेले.

आणि उलटाही प्रवास झाला आहे. चित्रकार फ्रान्सिस बेकन १९९२ मध्ये वारला, तेव्हा लंडनमधली त्याची छोटी कामाची खोली रंगाचे डबे, फाटके फोटो, कागद यांनी गुडघ्यापर्यंत भरलेली होती. ती सबंध खोली डब्लिनच्या ह्यू लेन गॅलरीला मिळाली. पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन करावं तशी प्रत्येक वस्तूची जागा नोंदवली. दार, भिंती, छत आणि धूळसुद्धा उचलून नेली. बेकन ती धूळ कधी कधी रंगासारखी वापरत असे. २००१ मध्ये ती खोली काचेपलीकडून बघण्यासाठी खुली झाली. यादीत सात हजारांवर वस्तू आहेत. त्यांत शंभरेक कॅनव्हास असे, की जे कुणाला दिसू नयेत म्हणून बेकननं स्वतः सुरीनं फाडले होते.