‘अनलिमिटेड’ डेटाची मर्यादा : पार्श्वभूमी

तासागणिक पैसे मोजून इंटरनेट वापरण्याची पद्धत अमेरिकेतील एका मोठ्या सेवा कंपनीने १९९६ च्या अखेरीस मोडली आणि दरमहा १९.९५ डॉलरमध्ये हवा तितका वेळ जोडणी देऊ केली. काही आठवड्यांतच जोडणीसाठी लावायचे तिचे फोन सतत व्यग्र लागू लागले, कारण करारातून काढलेली मर्यादा यंत्रणेत कायमच होती.

स्मार्टफोन आल्यावर हा विसंगतपणा अधिक गुंतागुंतीचा झाला. ‘अनलिमिटेड’ डेटाच्या बळावर ग्राहक जोडलेल्या अमेरिकेतीलच एका दूरसंचार कंपनीने २०१० मध्ये नव्या ग्राहकांसाठी ती योजना बंद केली आणि २०११ पासून जुन्या ग्राहकांचा वेग ठरावीक वापरानंतर घटवायला सुरुवात केली. महिन्याचा वापर अवघ्या २ जीबीवर पोहोचला तरी काहींचा वेग ८० ते ९० टक्क्यांनी खाली येई, आणि मग नकाशा पाहत रस्ता शोधणेही जड जाई. डेटा बंद होत नसल्यामुळे शब्दशः वचन पाळले जात होते. ग्राहकाने मात्र वापरता येईल अशा डेटाचे पैसे भरले होते.

२०१४ मध्ये ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेने या कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. त्यानंतरची बरीच वर्षे मूळ शब्दाऐवजी एका वेगळ्याच प्रश्नावर खर्ची पडली. सार्वजनिक वाहक, म्हणजे सर्वांना सारखी सेवा देण्यास बांधील असलेली दूरध्वनी कंपनी, या यंत्रणेच्या कक्षेबाहेर असते. ही सूट संपूर्ण कंपनीला लागू होते की तिच्या केवळ दूरध्वनी सेवेला, असा तो वाद होता. २०१६ मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी सूट संपूर्ण कंपनीला दिली. हा निर्णय घातक होता, कारण दूरध्वनी सेवेचा दर्जा असलेली कोणतीही कंपनी त्यामुळे अन्य काहीही विकताना या जाबातून सुटली असती. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तो फिरवला.

२०१९ मध्ये ६ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि वेगावरील बंधने बारीक अक्षरांत किंवा दुव्यामागे न दडवता ठळकपणे सांगण्याची अट कंपनीवर आली. तडजोडीमुळे ‘अनलिमिटेड’ म्हणणे फसवे होते का, यावर अंतिम न्यायनिवाडा झालाच नाही.

दरम्यान २०१८ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने ‘गो’, ‘बियाँड’ आणि ‘अबव्ह’ अशा तीन ‘अनलिमिटेड’ योजना शेजारी शेजारी ठेवल्या. जाळ्यावर गर्दी असताना पहिलीतील ग्राहकाचा वेग केव्हाही, दुसरीतील ग्राहकाचा २२ जीबीनंतर आणि तिसरीतील ग्राहकाचा ७५ जीबीनंतर कमी होऊ शकत असे.