छप्पनिया दुष्काळ, बडोदा संस्थानातील

विक्रम संवत १९५६ मध्ये, म्हणजे इ.स. १८९९–१९०० या काळात, गुजरात, काठेवाड, राजपुताना, माळवा आणि दख्खनच्या काही भागांवर कोसळलेला दुष्काळ. गुजरातेत संवत कार्तिकात बदलतो. त्यामुळे पाऊस बुडाला तो १९५५ च्या अखेरीस, माणसे मेली ती १९५६ मध्ये, आणि नाव त्याच वर्षाचे राहिले. १८९१ च्या शिरगणतीत बडोदा संस्थानची लोकसंख्या २४,१५,३९६ होती, १९०१ मध्ये ती १९,५२,६९२ भरली. ४,६२,७०४ ची ही घट, म्हणजे शेकडा १९, सगळीच भुकेची नाही. तिच्यात प्लेग आहे, परागंदा झालेली कुटुंबे आहेत आणि जन्मालाच न आलेली मुले आहेत. तरी तिचा मोठा वाटा या एका वर्षाचा आहे. कडी आणि बडोदा प्रांतांना सर्वाधिक झळ बसली. जास्त पावसाचा नवसारी प्रांत त्या मानाने वाचला.

१८९९ हे एल निनोचे, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी तापून पावसाळा दुबळा होण्याचे वर्ष होते. १८७७ आणि १९१८ यांच्याबरोबर ते हिंदुस्थानातील सर्वांत कोरड्या पावसाळ्यांत गणले जाते. सुरुवातीला थोडा पाऊस झाला, पेरण्याही झाल्या. पण पीक वाढीला लागते तेव्हा आभाळ कोरडे राहिले. मध्य गुजरातेतील चरोतर भागातली गोराडू, म्हणजे रेताड जमीन हलकी, ती ओल धरत नाही; तिथे बाजरी आधी करपली. बडोद्याच्या दक्षिणेकडील कानम भागातली काळी जमीन ओल जास्त दिवस धरते, पण तिथे कापूस होता, आणि कापसाने पोट भरत नाही.

तुटवडा धान्याचा आणि दुष्काळ भुकेचा, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. छप्पनच्या साली रेल्वे होती, बाहेरून धान्य येत होते, बाजारात ते मिळतही होते. नव्हती ती मजुरी. पाऊस बुडाला की पहिल्यांदा निंदणी बंद होते, मग कापणी, मग मळणी. शेतमजुराचे हात ऑगस्टमध्येच रिकामे होतात, तेव्हा कोठारात मागच्या सालचे धान्य असतेच. त्यानंतर भाव चढतात आणि सावकार उधारी आखडतो. माणसे आधी दागिने विकतात, मग तांब्या-पितळेची भांडी, मग घराची कौले-वासे, शेवटी बैल. सगळे गाव एकाच महिन्यात विकायला निघाल्यामुळे भांड्याला आणि बैलाला कवडीमोल भाव येतो, तर धान्याचा भाव चढलेला असतो. कुटुंब उद्ध्वस्त होते ते या दोन भावांमधल्या अंतराने. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाच्या आधाराने हेच मांडले: धान्य असणे पुरेसे नाही, ते मिळवण्याची ऐपत माणसापाशी असावी लागते.

गुजरातेतील लोक या वर्षाला त्रिकाळ म्हणत: अन्नाचा, पाण्याचा आणि चाऱ्याचा. यातला चाऱ्याचा दुष्काळ नेहमी कमी लेखला जातो, आणि छप्पनियाचे खरे रूप तिथेच आहे. साधा हिशेब असा. मोठ्या बैलाला दिवसाला सहा-सात किलो सुका चारा लागतो. एक जोडी ३०० दिवस जगवायची तर सुमारे ३,९०० किलो. माणसाला रोज अर्धा किलो धान्य धरले तर तितक्याच दिवसांचे १५० किलो. म्हणजे एका जोडीचा चारा वजनाने २६ माणसांच्या धान्याइतका होतो. शिवाय गवत फुगीर. मोकळे भरले तर मालगाडीचा डबा वजन होण्याआधीच भरून जातो. म्हणून ते यंत्रात दाबून, गठ्ठे बांधूनच पाठवावे लागते, आणि पाठवले तरी स्थानकापासून गावापर्यंत ओढायला बैल कुठून आणायचे? एरवी कोरड्या सालात राजपुतान्याकडील गुरे माळव्यात चरायला जात. ‘मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर’ ही म्हण इंदूर-उज्जैनकडे आजही ऐकू येते. त्या वर्षी माळवाही कोरडा पडला आणि ती वाट बंद झाली. गुजरातेत गुरे प्रचंड संख्येने मेली. १९०० मध्ये पाऊस आला तेव्हा नांगराला जुंपायला जनावर नव्हते. कुदळीने जमीन उकरून पेरण्या झाल्या.

मदतीची पद्धत इंग्रजी मुलखातील १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर तयार झालेल्या दुष्काळ संहितेवरून घेतलेली होती. भाव चढणे, उधारी बंद होणे, लोकांचे आणि गुरांचे अवेळी स्थलांतर, चोऱ्या वाढणे, ही तिच्यात सांगितलेली लक्षणे. ती दिसली की आधी परीक्षा म्हणून काम काढायचे: कमी मजुरीवर खडी फोडायला किती माणसे येतात ते पाहायचे. गर्दी झाली की मोठी कामे सुरू करायची, म्हणजे तलाव, रस्ता, रेल्वेचा भराव. पुरुष खणतात, बायका आणि मोठी मुले माती वाहतात; टोळीला मापाने काम नेमून दिले जाते आणि मजुरी धान्याच्या चालू भावावरून ठरते. जे काम करू शकत नाहीत त्यांना गावात फुकट धान्य किंवा अन्नछत्र.

ही पद्धत कागदावर नीट दिसते; बिघडते ती तीन ठिकाणी. पहिले, उशीर. माणूस अशक्त होऊन कामावर आला की नेमलेले माप त्याच्याने पुरे होत नाही, माप अपुरे म्हणून मजुरी कापली जाते, आणि कापलेल्या मजुरीने तो आणखी अशक्त होतो. १८७७ मध्ये मद्रासच्या दुष्काळासाठी इंग्रज सरकारने पाठवलेले अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी दिवसाला एक पौंड धान्याची मजुरी ठरवली होती, तेव्हा मद्रासचे डॉक्टर कॉर्निश यांनी याच कारणासाठी तिला विरोध केला होता. दुसरे, गर्दी. हजारो माणसे एका आटलेल्या तलावाशी राहिली की पाणी बिघडते. १९०० च्या उन्हाळ्यात गुजरातेतील कामांवर पटकीने असाच कहर केला. विहिरीत परमँगनेट हे जंतुनाशक टाकण्याचा उपाय तेव्हा माहीत होता, पण पहारा ठेवून पाणी पिण्याचे आणि धुण्याचे वेगळे केल्याशिवाय त्याचा उपयोग होत नाही. म्हणून गावोगावची लहान कामे एका मोठ्या छावणीपेक्षा केव्हाही बरी. तिसरे, पाऊस आला की कामे बंद करण्याची घाई. पीक हाती यायला आणखी तीन महिने असतात, आणि खंगलेल्या शरीराला त्याच दिवसांत हिवताप गाठतो.

उपाशी माणसाला एकदम पोटभर जेवू घालणे हीही जीवघेणी चूक. रक्तातील फॉस्फेट झपाट्याने उतरते आणि हृदय बंद पडू शकते. म्हणून पातळ पेजेपासून, थोडे थोडे आणि वारंवार द्यायचे. आज तीव्र कुपोषित मुलांसाठी आधी १०० मिलिलिटरमागे ७५ कॅलरी असलेले दूध वापरतात, प्रकृती सावरल्यावर १०० कॅलरीचे.

सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी दुष्काळी महालांतून स्वतः दौरा केला. त्याची टिपणे १९०१ मध्ये छापली गेली. महालात, म्हणजे तालुक्यात, खरी कसोटी वहिवटदाराची, म्हणजे तिथल्या महसूल अधिकाऱ्याची होती, कारण सारा तहकूब ठेवायचा की माफ करायचा याचा पाया त्याच्या पीकपाहणीवर होता. तहकुबीने यंदाचे ओझे पुढच्या सालावर जाते. बैल गमावलेल्या शेतकऱ्याला ती पुरत नाही, माफीच लागते. तगाईचे, म्हणजे शेतीसाठी मिळणाऱ्या सरकारी कर्जाचेही तसेच. ती मृगाआधी हातात पडली तर बैल आणि बियाणे येते. श्रावणात मिळालेली तगाई सावकाराच्या घरी जाते. शेतसारा आणि दुष्काळ यांच्या संबंधावर लॉर्ड कर्झन यांना जाहीर पत्रे लिहिणारे रमेशचंद्र दत्त १९०४ मध्ये बडोद्याचे महसूलमंत्री झाले, ही निवड बोलकी आहे.

पुढच्या काळात संस्थानने पाण्यावर खर्च केला. डभोईजवळचा वढवाणा तलाव आणि कडी प्रांतातील १९१२ चा थोळ तलाव सिंचनासाठी बांधले गेले. दोन्ही आज पाणपक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहेत आणि २०२१ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहेत.

धान्याची बाजू आता बरीच सुरक्षित आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने पात्र व्यक्तीला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क मिळतो. बैल-म्हशींना असा कायदा नाही. गुजरातेत वनखाते वीडींतले, म्हणजे राखीव कुरणांतले गवत कापून टंचाईसाठी गोदामात ठेवते. हे गवत पूर्ण वाळल्यावरच दाबावे लागते. ओलावा शेकडा १५ च्या वर राहिला तर गठ्ठा आतून तापतो, बुरशी धरतो, आणि लागेल त्या वर्षी जनावर त्याला तोंड लावत नाही.