डार्क ॲम्बियंट

ठेका आणि ठळक चाल जवळजवळ टाळून लांबवलेले खर्जाचे स्वर, घुमारा आणि परिसराचे ध्वनिमुद्रण यांवर उभे राहणारे इलेक्ट्रॉनिक संगीत. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो याने १९७८ मध्ये ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ या अल्बमपासून ‘ॲम्बियंट’ हे नाव रूढ केले. त्याचा सूर निवांत होता. काळोखी छटा आली ती ब्रिटनमधल्या ‘इंडस्ट्रियल’, म्हणजे यंत्रांसारखे कर्कश आवाज वापरणाऱ्या संगीताकडून. वेल्सचा ब्रायन विल्यम्स ‘लस्टमॉर्ड’ या नावाने रचना करतो. त्याचा ‘हेरेसी’ (१९९०) हा अल्बम या प्रकाराचा पायाच मानला जातो. स्वीडनमध्ये १९८७ साली निघालेल्या ‘कोल्ड मीट इंडस्ट्री’ या ध्वनिमुद्रण कंपनीने पुढे हा प्रकार युरोपभर पोचवला.

या संगीताने गुंगी येते, त्यामागे साधे पदार्थविज्ञान आहे. ५५ आणि ५५.५ हर्ट्झचे (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने) दोन स्वर एकत्र लावले, की आवाज दर दोन सेकंदांनी फुगतो आणि ओसरतो. तालवाद्य नसतानाही लय जाणवते ती यामुळे. मोबाईलच्या स्पीकरवर एवढा खर्ज उमटत नाही, तेव्हा हेडफोन हवाच. वरातीतल्या डीजेला सरावलेल्या श्रोत्याला मात्र ‘यात काही घडतच नाही’ असे वाटणार, आणि त्यात त्याचे फारसे चुकत नाही.

अशा रचनेला लागणारा कच्चा माल खानदेशात चिक्कार आहे. रावेर-यावलकडे रात्रीच्या लाईटवर केळीला पाणी द्यायला गेलेल्याला डीपीची, म्हणजे रोहित्राची, घरघर ओळखीची असते. वीज ५० हर्ट्झची. दर आवर्तनात रोहित्राच्या गाभ्याचे पत्रे दोनदा ताण घेतात, म्हणून मूळ स्वर १०० हर्ट्झचा ऐकू येतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांखाली उभे राहिले, तर प्रत्येक पाते खाली येताना वेगळे ऐकू येते. माईकला कापूस किंवा फोम गुंडाळला नाही, तर मुद्रणात नुसता वारा भरतो.

अखंड स्वराची परंपरा इथल्या डोंगरपट्ट्यालाही आहे. कोकणा या आदिवासी समाजात काशाच्या थाळीवर मेणाने एक काडी उभी चिकटवतात. तिच्यावरून बोटे वरून खाली ओढली, की थाळी गुणगुणू लागते. त्या गुंजनावर देवादिकांच्या कथा रात्र-रात्र सांगितल्या जातात. कानाला साम्य भासले, तरी ही थाळी डार्क ॲम्बियंटच्या खात्यात टाकू नये. थाळीचा स्वर कथेला धरून असतो, कथेकरी थांबला की तोही थांबतो. लस्टमॉर्डच्या रचनेत सांगणारा कोणी नसतोच.