भीती डिलीट होत नसते, मामा

परवा फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला, अमुक फ्रिक्वेन्सीचं म्युझिक २१ दिवस ऐका, मनातली भीती मुळासकट डिलीट. खाली मामांचे जोडलेले हात. मला एकदम इराकहून जखमी होऊन परतलेले अमेरिकन सैनिक आठवले.

समजा त्यातला एक जण गावी गाडी चालवतोय. तिकडे रस्त्याकडेच्या कचऱ्यात बॉम्ब लपवलेले असायचे, त्यामुळे इथे कडेला साधी काळी पिशवी दिसली तरी स्टिअरिंग आपोआप वळतं, तळहाताला घाम. कचराच आहे हे त्यालाही कळतं, पण मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा, धोक्याची घंटा वाजवणारा भाग विचारायला थांबत नाही ना!

आता माझा आवडता भाग. पावलॉव्हचा कुत्रा शाळेत वाचलाय, घंटी वाजली की लाळ. घंटी वाजवत राहा आणि खाणं देऊच नका, लाळ थांबते, याला एक्स्टिंक्शन म्हणतात. वाटतं कुत्रा विसरला. पण मधे थोडा वेळ जाऊ द्या आणि परत वाजवा, लाळ हजर! म्हणजे जुनी आठवण आहे तिथेच, फक्त तिच्यावर "आता काही मिळत नाही" ही दुसरी आठवण बसलेली. भीतीचंही तसंच. उंदरांमध्ये मेंदूच्या पुढच्या बाजूच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा इन्फ्रालिंबिक भाग अमिग्डालातल्या इंटरकॅलेटेड पेशींना चेतवतो, त्या गाबा नावाचं शांत करणारं रसायन सोडून सेंट्रल न्यूक्लियसला, म्हणजे अमिग्डालातून भीतीचा इशारा बाहेर पाठवणाऱ्या भागाला, दाबतात, आणि हे कधी करायचं यात हिप्पोकॅम्पस हा आठवणींचा भाग जागा बघून लुडबुड करतो (डोकं फिरलं असेल तर एवढंच धरा, भीतीचा ब्रेक जागा बघून लागतो). एका पिंजऱ्यात भीती घालवलेला उंदीर दुसऱ्या पिंजऱ्यात नेला की परत थिजतो. मग दवाखान्याच्या शांत खोलीत आलेला धीर हायवेवर टिकेलच असं कसं म्हणणार?

म्हणून मला 'द मिशन कंटिन्यूज' ही माजी सैनिकांना समाजकामाला लावणारी अमेरिकन संस्था इंटरेस्टिंग वाटते. एरिक ग्रायटन्स हा नेव्ही सील, म्हणजे अमेरिकन नौदलाचा कमांडो, इराकहून आल्यावर हॉस्पिटलमध्ये जखमी मरीन्सना भेटला, तर त्यांना परत युनिटमध्ये जायचं होतं, आणि ते जमणार नसेल तर दुसरं काहीतरी उपयोगाचं काम हवं होतं. त्यातून २००७ मध्ये ही संस्था निघाली (हा पुढे मिझुरीचा गव्हर्नर झाला, २०१८ ला वादात राजीनामा दिला, ते सोडा). जखमी सैनिकाने स्थानिक संस्थेत सहा महिने काम करायचं, खर्चाला मानधन मिळायचं. पुढे गट करून शाळा रंगवणं, पार्क साफ करणं वगैरे.

आता समजा पार्कमध्ये तसलीच काळी पिशवी तो गाडीवाला सैनिक स्वतःच्या हाताने उचलतोय, बाजूला पोरं खेळतायत, आणि काहीच फुटत नाही. उद्या दुसरा पार्क, परवा शाळेचं मैदान. नवी आठवण वेगवेगळ्या जागी बसत असणार, हा माझा तर्क हां, आणि हे थेरपीच्या जोडीला, थेरपीऐवजी नाही.

आपल्याकडेही पुण्याजवळच्या खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहेच. १९१७ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, अपंग सैनिकांसाठी सुरू झाली, आणि तिथेही पहिल्यापासून शिकवतात काय, तर कामधंदा.